कम्प्युटरभोवती राख

बोरदरीत दिपाच्या गिरणीवर दळण टाकलं की वेगळा पेपर घ्यायची गरज राहत नाही. कोणाची म्हैस आटली, कोणाची सून रुसली, सगळं पिठाच्या आधी बाहेर पडतं. जानेवारीतल्या एका सकाळी रागिणी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत शिरली, तेव्हा तिथल्या साऱ्या बाया तांड्यावरच्या मिराबाईकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“काय मिराबाई, दप्तर घेतलं का न्हाई?”

“पाढे येतात का वं? न्हाई तं आमच्या पोरीला धाडते शिकवायला.”

मिराबाईला सत्तेचाळिसावं लागलं होतं. दोन सुनांची सासू, आवाज खणखणीत, तांड्यावर भांडण पेटलं तर लोक ते सोडवायला आधी तिला बोलावत. अशा बाईनं त्या सकाळी मान खाली घातली. तिनं अर्धं दळण तसंच उचललं, पदर पुढे ओढला आणि दारातून जाता जाता रागिणीकडे एकदाच पाहिलं. त्यापेक्षा तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर रागिणीला बरं वाटलं असतं.

कारण मिराबाई यंदा दहावीच्या परीक्षेला बसणार, ही गोष्ट अख्ख्या जगात दोघींनाच माहीत होती. एक मिराबाई आणि दुसरी रागिणी.

रागिणी म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या सटवाजीची धाकटी लेक. वय एकतीस, लग्न नाही, आणि त्याचं दुःख तिच्यापेक्षा गावालाच जास्त. हिंगोलीला राहून ती बी.ए. झाली, टायपिंग शिकली आणि बंद पडलेल्या एका क्लासचा जुना कम्प्युटर घेऊन गावी परतली. तो घरातल्या मधल्या खोलीत टेबलावर ठेवलेला असे आणि त्यावर आईनं विणलेलं झाकण. बाप बाहेर मेंढ्या राखतो आणि लेक आत अर्ज राखते, असं लोक चेष्टेनं म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. राशनकार्डातलं चुकलेलं नाव, निराधारचा पगार, दवाखान्याचे कागद, सासरची तक्रार, असलं काहीही घेऊन गावातल्या आणि तांड्यावरच्या बाया तिच्याकडे येत, दार लोटून घेत आणि नवऱ्यालाही न सांगितलेलं सांगत. जाताना कोणी अंडी ठेवी, कोणी ओंजळभर तूर. त्यात एका सुनेचा अर्ज तर असा होता, की तो फुटला असता तर त्या पोरीला घरात राहणं मुश्कील झालं असतं. रागिणीचा नियम एकच होता. इथं आलेलं इथंच राहणार. आणि गेली सहा वर्षं ते राहिलंही होतं.

त्याच दुपारी ती तांड्यावर गेली. मिराबाई अंगणात तूर बडवत होती. रोजच्यापेक्षा जरा जास्तच जोरात बडवत होती.

“काकी, मी कोणाला बोलले न्हाई. नागनाथाची शप्पथ.”

“तू बोलली असं मी कुठं म्हणलं?” मिराबाईनं काठी थांबवली नाही. “पण मी बी बोलले न्हाई. मंग राहिलं कोण?”

नववीत असताना मिराबाईचं लग्न झालं आणि पुस्तकं माहेरच्या माळ्यावर राहिली. चाळीशी उलटल्यावर ती नातीच्या पुस्तकातले धडे चोरून वाचू लागली. मग एक दिवस रागिणीकडे येऊन, दार लावून, लग्नाची बोलणी करावी तशा हळू आवाजात तिनं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगितलं. तेव्हापासून ती दुपारी ‘अर्जाचं काम हाय’ असं घरी सांगून यायची आणि रागिणीजवळ बसून कम्प्युटरवर गणितं सोडवायची. पास झालं तर एकदम सांगायचं, नापास झालं तर कोणाला कळूच द्यायचं नाही, असा दोघींचा बेत होता.

“ते हॉल तिकीट फाडून टाकते,” मिराबाई म्हणाली. “आता पास झाले तरी हासतील. नापास झाले तं मरेस्तोवर हासतील. अन् माझं येणं बी बंद. मी एकटीच न्हाई, बाकीच्या बी म्हणून राहिल्या. रागिणीच्या पोटात काही ऱ्हात न्हाई म्हणं.”

परीक्षा महिन्यावर आली होती. रागिणी तांड्यावरून परतली ती रस्ताभर स्वतःशी भांडत. तिला मिराबाईचा राग येत नव्हता, त्यामुळे तर ते जास्तच लागलं होतं.

सटवाजीनं मेंढ्या वाड्यात कोंडल्या होत्या आणि दिवस मावळायच्या आधी तो एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत मोजणी करत होता. हा माणूस माणसांशी कमी आणि मेंढ्यांशी जास्त बोलायचा, पण लेकीचं तोंड बघून त्यानं मोजणी सोडली. सगळं ऐकून घेतलं.

“तू बोलली न्हाई. ती बोलली न्हाई. मंग तिसरं कोण होतं खोलीत?”

“कोणीच न्हाई, आबा. मी, काकी अन् कम्प्युटर.”

“मंग त्याच्यात कोणीतरी शिरून राहिलं.”

रागिणी हसली. मग तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. गणपतीपासून तो कम्प्युटर काही चालू नसताना आपोआप घरघरायचा, लहान दिवा लुकलुकायचा, एक फाईल उघडायला चहा होईपर्यंत वेळ लावायचा. म्हातारा झाला बिचारा, असं म्हणून ती त्याला सोडून देत होती.

सटवाजीच्या घराण्यात वाड्याची एक रीत होती. मेंढ्यांच्या वाड्यात पाय टाकायचा तर आधी बाहेरून हाळी द्यायची. आतून ‘या’ आलं तरच शिरायचं, मग येणारा गावचा पाटील असो की घरचा जावई. हाळी न देता शिरला तो चोर, त्यात चर्चा नाही. आणि कोणी शिरत असल्याचा संशय आला तर सटवाजी आरडाओरडा करत नसे. चुलीतली राख चाळून वाड्याच्या कडेनं पातळ पसरायची आणि सकाळी पायाचा ठसा बघायचा. चार वर्षांपूर्वी दोन कोकरं गेली तेव्हा त्यानं असाच माग काढला होता आणि कोणाला काही न बोलता चोराच्या घरी जाऊन चहा पिऊन कोकरं परत आणली होती.

“राख टाक,” तो म्हणाला.

“कम्प्युटरभोवती?”

“आतमधी. जी गोष्ट दुसरीकडं कुठंच न्हाई, अशी एक गोष्ट त्याच्यात टाक. अन् अशी टाक, की ज्याच्या पायाला लागंल त्याला झटकता येऊ ने.”

दुसऱ्या दिवशी रागिणीनं कम्प्युटर उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या लग्नाची माहिती टाईप केली. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, सगळं खरं. शेवटी ‘अपेक्षा’ असा मथळा देऊन तिनं खाली लिहिलं, ‘मुलगा निर्व्यसनी असावा. त्याला ज्वारीची भाकरी थापता आली पाहिजे. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाने तीन भाकरी थापून दाखवाव्यात. तुटलेली भाकरी मोजली जाणार नाही.’ एवढं लिहून तिनं फाईल ठेवून दिली. छापली नाही, कोणाला धाडली नाही, बापालासुद्धा सांगितली नाही. लिहिताना मात्र तिला फार मजा आली, आणि अट तशी वाईट नाही, असंही मनात येऊन गेलं.

तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी ती गिरणीवर गेली तर आशाबाई आधीच बसलेली. आशाबाई म्हणजे गावच्या पोलीस चौकीवरच्या जळबा जमादाराची बायको. चौकीमागच्या खोल्यांत राहायची. मनानं चांगली बाई, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

“काय वं रागिणी,” ती पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, “भाकरी थापणारा सापडला का न्हाई?”

बाया हसल्या. गिरणीवाल्या दिपानं हसण्यासाठी गिरणी बंद केली.

“तीन थापाव्या लागतात म्हणं! आमचे हे तं एकीतच नापास.”

रागिणीनं तोंडावरचं हसू हलू दिलं नाही. “वैनी, तुमाला कोणी सांगितलं?”

“आमचे हेच बोलले की जेवताना. मला वाटलं तूच त्यांच्यापाशी बोलली असशील. काहून, खोटं हाय का?”

“खरं हाय, खरं हाय,” रागिणी म्हणाली आणि पीठ न घेताच घरी आली. अर्ध्या वाटेवर आठवण झाली तेव्हा परत जायची तिची हिंमत होईना.

ठसा उमटला होता, आणि तो पोलिसी बुटाचा होता.

जळबा जमादार तसा काही राक्षस नव्हता. पोट सुटलेला, हसतमुख, यात्रेत हरवलेलं लेकरू खांद्यावर घेऊन आईपर्यंत पोचवणारा. दोन वर्षांपूर्वी तो पंधरा दिवसांचं कम्प्युटर गुन्ह्यांचं ट्रेनिंग करून आला आणि तिथून बिघडला. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट त्यानं काच लावून चौकीत टांगलं आणि येईल त्याला सांगू लागला, की आता चोर घरात बसून चोऱ्या करतात, तेव्हा पोलिसांनाही घरात बसूनच घरात शिरता आलं पाहिजे. लोक मान हलवत. कोणाच्या घरात, हे कोणी विचारलं नाही.

रागिणीला सप्टेंबर आठवला. जमादारानं तिला एक फाईल पाठवली होती. ‘गाव सुरक्षा समिती, सदस्य यादी’. आपलं नाव समितीत आलं म्हणून तिनं मोठ्या हौसेनं ती कम्प्युटरवर उघडली, तर आत कोरं पान. तिनं भोळेपणानं फोनही केला होता, जमादार, फाईल उघडली पण आत काहीच न्हाई. “असू द्या ताई,” तो गोड आवाजात म्हणाला होता, “आमचं काम झालं.” किती समजूतदार माणूस, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

त्या कोऱ्या पानातूनच तो आत शिरला होता. त्या माणसानं मिराबाईची चुकलेली गणितं वाचली होती. त्या सुनेनं रडत रडत सांगितलेलं, अंगावर कुठं कुठं वळ आहेत ते, वाचलं होतं. जेवताना, वरणभात कालवता कालवता, बायकोला काय काय सांगितलं असेल! रागिणीला राग आलाच, पण त्याहून जास्त लाज वाटली. दार लावून बसलेल्या बायांना तिनं सांगितलं होतं की इथं तिसरं कोणी नाही, आणि चार महिने तिसरा माणूस तिथं मांडी ठोकून बसला होता.

नेटची वायर उपटून टाकायला तिला एक मिनिट लागलं असतं. त्यानं चोर पळाला असता आणि आळ तिच्यावरच राहिला असता. जमादारानं तुमचं वाचलं, असं सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल करायला हवं होतं, आणि तेही मिराबाईच्या देखत. म्हणून तिनं आधी साऱ्या बायांचे अर्ज वहीत उतरवून कम्प्युटरमधून काढून टाकले. सुनेचा अर्ज तर तिनं स्वतः हिंगोलीला नेऊन हातोहात दिला. आणि मग राखेची दुसरी मूठ घेतली.

या वेळचा अर्ज असा होता. ‘अर्जदार ही वर्दीतल्या नोकरदाराची पत्नी आहे. लग्नाला अठरा वर्षे झाली. माझे पती साऱ्या गावाची चौकशी करतात. माझी चौकशी त्यांनी आजवर एकदाही केली नाही. तरी मी कायमचे माहेरी जाण्याचे ठरवले आहे. माझे नाव तूर्त गुप्त ठेवावे.’

लग्नाची अठरा वर्षं आशाबाई गिरणीवर येता जाता ऐकवायची. बाकी सगळं रागिणीनं मनानंच रचलं. रचलं खरं, पण दुसऱ्या बाईच्या तोंडी असं खोटं घालणं तिला काही पटत नव्हतं. संध्याकाळी तिनं बापाला सांगितलं.

“राख टाकताना वारा बघावं माय,” तो म्हणाला. “आपल्याच डोळ्यात जाती.”

दुसऱ्या दिवशी रागिणीनं मिराबाईला गळ घातली. एक दुपार येऊन बसा, पुस्तक नका आणू, नुसते कान आणा. मिराबाई कुरकुरत आली. तिच्यासोबत गिरणीवाली दिपाही आली, कारण रागिणीनं तिलाही बोलावलं होतं. दिपाच्या कानावर पडलेली गोष्ट गावाला वेगळी सांगावी लागत नाही. दोघी आतल्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या. सटवाजी अंगणात चातीवर लोकर कातत होता.

जमादार दोनच्या सुमाराला आला. हाळी नाही, ‘घरात हाय का’ नाही. कुत्रं भुंकत असताना सरळ मधल्या खोलीत शिरला. डोक्यावरची टोपी हातात, डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

“ताई, एक खासगी काम होतं.”

“बोला की, जमादार.”

“तो अर्ज पुढं धाडू नका. हात जोडतो.”

“कोणता अर्ज?”

“तोच वं. वर्दीवाल्याच्या घरचा.”

“कोणत्या वर्दीवाल्याच्या?”

“आता काहून बोलायला लावता?” जमादाराचा आवाज चिरकला. “आमच्याच घरचा. अठरा वर्षं, चौकशी केली न्हाई, माहेरी जाते. कालपासून घास गिळंना मला. तिला इचारावं तं कसं इचारावं?”

आत तांदळाच्या सुपाचा आवाज थांबला होता.

“जमादार, आशावैनी माझ्या घरी आल्याच न्हाईत,” ती म्हणाली. “तो अर्ज मी मनानं रचला. छापला न्हाई, धाडला न्हाई, जित्या माणसाला दाखवला न्हाई. काल दुपारी लिवला अन् ह्या डब्यात ठेवला. तुमी कुठं वाचला?”

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. जमादाराच्या तोंडावर ते चांदणं भर दुपारी पडलं. त्यानं टोपी डोक्यावर घातली, परत काढली, आणि मग पोलीस आठवल्यासारखा ताठ झाला.

“आमच्यापाशी वरून आलेला परवानगीचा कागद हाय. बराबर कायद्यानं. तुमच्या कम्प्युटरमधी बघायचा मला अधिकार हाय.”

“दाखवा.”

कागद त्याच्या मोबाईलमध्ये होता. रागिणीनं तो सावकाश, मोठ्यानं वाचला, म्हणजे स्वयंपाकघरात नीट ऐकू जावा. शेळ्यामेंढ्यांच्या योजनेत कोणीतरी खोट्या नावांनी फॉर्म भरले होते. त्या एका प्रकरणापुरतं, या एका कम्प्युटरमध्ये, बारा सप्टेंबरपासून आठ दिवस बघायची मुभा होती.

“आज कोणती तारीख, जमादार?”

जमादार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. तिथं जानेवारी होता.

“अन् त्या फॉर्मांचं काय झालं?”

“तो माणूस दुसराच निघाला. तुमच्यात काहीच न्हाई सापडलं. दोन दिवसात कळलं ते.”

“मंग चार महिने काय बघून राहिले होते?”

तो खाली बसला. बसल्यावर त्याचं पोलीसपण गळून पडलं आणि तो खरं बोलला. “सवय लागली, ताई. रोज दुपारी उघडायचं. कोणाचं काय चाललं, उद्या काय व्हईल. सिरियलवाणी झालं बघा. मिराबाईला ते टक्केवारीचं गणित सुटलं का न्हाई, ह्याच्यापायी मला एक दिवस जेवण गोड लागलं न्हाई.”

“मंग मलाच इचारायचं होतं की,” असं म्हणत मिराबाई दारात उभी राहिली. तिच्या मागे सूप घेऊन दिपा होती आणि तिचे डोळे एवढे मोठे झाले होते, की गिरणीचा पुढचा आठवडा त्यात मावला असता. “सुटलं ते. तिसऱ्यांदा सुटलं. तुमी बघत होते तं दुसऱ्यांदाच सांगायचं ना, कुठं चुकून राहिले ते!”

जमादारानं शेवटचा प्रयत्न केला. “आता मनात चोरी न्हाई तं माणसानं भ्यायचं काहून? लपवायचं काय त्याच्यात?”

अंगणात सटवाजीनं चाती खाली ठेवली. “जमादार, तुमच्या न्हाणीला दार हाय का?”

“हाय की.”

“काहून? आत बसून काय चोऱ्या करून राहिले का?”

दिपाच्या हातातून सूपच पडलं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, एवढं ती पुटपुटली आणि तांदूळ गोळा करायला वाकली. हसू कोणालाच आवरेना. जमादारालासुद्धा हसू येत होतं की रडू, ते कळायला मार्ग नव्हता. रागिणी मात्र हसली नाही. तिनं कपाटातून वही काढली आणि वरिष्ठांच्या नावानं अर्ज हातानं लिहायला घेतला. कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या कागदाच्या नावाखाली, कोणी काय वाचलं. ज्या बायांचं वाचलं त्यांची नावं मात्र तिनं घातली नाहीत.

“मला घाल,” मिराबाई म्हणाली. “माझं तं साऱ्या गावाला कळलंच हाय.”

तिनं पहिली सही केली. संपूर्ण नाव, रेघेवर, एकही काना वाकडा नाही. खाली दिपानं केली. जमादार दारातून बाहेर पडताना एकदा वळला.

“ताई, घरी सांगू नका.”

“मी कोणाचंच सांगत न्हाई,” रागिणी म्हणाली. “न्हाई का, मिराकाकी?”

“न्हाई सांगत,” मिराबाई म्हणाली. “ते मला बी ठाव हाय.” आणि चोळीत जपून ठेवलेली घडी काढून तिनं रागिणीपुढे धरली. हॉल तिकीट होतं. “फाडलं न्हाई मी. हात धजला न्हाई. चल, टक्केवारीच्या पुढं काय हाय ते दाखव.”

त्या एका वाक्यानं रागिणीचे डोळे भरले. गणित चुकलं म्हणून रडते का, असं मिराबाईनं विचारलं.

पुढं एक दुरुस्तीवाला येऊन तिचा कम्प्युटर आतून सगळा पुसून गेला. जमादाराला दोनदा वर बोलावणं आलं. ‘चौकशी सुरू आहे’ असं एका ओळीचं उत्तर रागिणीला मिळालं. चौकीतलं सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे, फक्त काचेवर धूळ साचली आहे. मिराबाईला शिरड शहापूरच्या केंद्रावर पेपराला नवऱ्यानं, पुनमचंदनं, मोटारसायकलवर नेलं, आणि वाटेत भेटेल त्याला गाडी थांबवून सांगितलं, की आमची दहावीला बसली. मिराबाई मागे बसून त्याच्या पाठीत गुद्दे घालत होती.

गावानं हसायचं बंद केलं नाही, पण आता ते जमादाराला हसत होतं. रागिणीच्या अंगणात चपलांचे जोड पुन्हा दिसू लागले.

एका दुपारी बाहेरून आवाज आला. “रागिणी, हाय का घरात? येऊ का?”

अंगणाच्या बाहेर, फाटकाला हात न लावता, आशाबाई उभी होती. तिला असं बाहेर थांबून विचारताना रागिणीनं कधी पाहिलं नव्हतं.

“या की, वैनी.”

आशाबाई आत आली, बसली, आणि स्वतःच उठून तिनं दार लावलं. “मिराबाईचं मीच बोलले गिरणीवर. तिच्या घरी जाऊन माफी मागून आले. तुझी बी मागते. मला वाटलं, ह्यांनी सांगितलं म्हंजे साऱ्यांनाच ठाव असंल.” मग जरा थांबून ती म्हणाली, “माझ्या नावानं तू अर्ज लिवला होता म्हणं. वाच.”

रागिणीला वाटलं जमीन दुभंगावी. “वैनी, ते सगळं खोटं. जमादाराला पकडायला रचलं होतं. तुमचं नाव घातलं न्हाई, तरी चुकलंच माझं.”

“वाच तं खरं.”

अर्ज तिला पाठ होता. ‘माझे पती साऱ्या गावाची चौकशी करतात. माझी चौकशी त्यांनी आजवर एकदाही केली नाही.’ एवढं म्हणून ती थांबली. आशाबाई जमिनीकडे बघत होती.

“तुझ्याकडून परत आले त्या दिवशी ह्यांनी मला इचारलं,” आशाबाई म्हणाली. “जेवायला बसले अन् म्हणले, आशा, तुला काही तकलीफ हाय का? अठरा वर्षात पहिल्यांदा. मी म्हणलं, काही न्हाई, जेवा.” तिनं पदरानं नाक पुसलं. “पण हाय.”

रागिणीचा हात सवयीनं कम्प्युटरवरच्या झाकणाकडे गेला.

“त्याच्यात नको,” आशाबाई म्हणाली. “वहीत लिव.”